हृदयकर्षणाला पाच गुण

बारावीच्या त्या वर्गात जीवशास्त्राचा अभ्यास कुणीच एकट्याने करत नसे. एकट्याने करतात तो अभ्यास आणि मिळून करतात ती मदत, आणि मदतीला तिथे अभ्यासापेक्षा चार पायऱ्या वरचा मान होता. मोबाइलवर 'बायो-मदत' नावाचा ग्रुप होता. मुलं दात घासायच्या आधी त्यात डोकवायची. कुणी प्रश्न टाकायचा, कुणी उत्तर द्यायचं, आणि उरलेले सगळे वर केलेला अंगठा पाठवायचे. अंगठा पाठवला की धडा झाला, अशी समजूत होती. ती इतकी पक्की होती की काही जणांचं अर्धं पुस्तक नुसत्या अंगठ्यांवर संपलं होतं.

या ग्रुपची सर्वेसर्वा होती डॉक्टर. खरीखुरी नव्हे हो, सतराव्या वर्षी कोण डॉक्टर होतं? तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं आणि लहानपणापासून ती गोळ्यांच्या खोक्यांवर बसून वाढलेली. त्यातून एकदा प्रयोगशाळेत बेडूक चिरला तेव्हा अख्खा वर्ग तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे पळाला आणि ही एकटी टेबलाशी उभी राहिली. तिच्या मागे भिंत होती, पळायला वाटच नव्हती, पण ते कोण विचारतंय? त्या दिवसापासून सगळे तिला डॉक्टर म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि शेवटी मनापासून. तिला स्वतःला तर पहिल्या दिवसापासूनच मनापासून वाटत होतं.

ग्रुप तिनेच काढला होता आणि त्याचा नियमही तिचाच. नियम एकच होता: 'माहीत नाही' असं लिहायचं नाही. जो लिहील तो बाहेर. "प्रश्न विचारणारा बिचारा अडलेला असतो," ती म्हणायची, "त्याला 'माहीत नाही' सांगणं ही काय मदत झाली? मग ती भिंतसुद्धा करते." सगळ्यांना हे पटलं. त्यानंतर त्या ग्रुपमध्ये कुणाचंच कुठे अडेनासं झालं. पेशीविभाजन असो, आनुवंशिकता असो, प्रकाशसंश्लेषणातली ती जीवघेणी साखळी असो, प्रश्न पडायचा अवकाश, उत्तर हजर. कधी बरोबर, कधी अर्धं, कधी शेजारच्या धड्यातलं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, पण जातं थांबलंय असं कधी झालं नाही.

डॉक्टरच्या हाताखाली तीन मानकरी होते. पहिला मुद्दे. त्याला काहीही सांगा, तो त्याचे पाच मुद्दे करायचा. घरी आईने जेवायला हाक मारली तरी त्याच्या डोक्यात व्याख्या, कारण आणि महत्त्व उभं राहायचं. दुसरी रंगारीण, जिच्याकडे आकृत्यांचं खातं होतं आणि जिला किडनी कुठे असते यापेक्षा ती कुठल्या रंगात शोभते याची जास्त जाण होती. आणि तिसरा झेरॉक्स. त्याचं काम एकच, इकडचं तिकडे. या वर्गातलं उत्तर शेजारच्या तुकडीत पोचायला त्याला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागायचा.

आणि मग ताई. ताई गेल्या वर्षी याच वर्गात नापास होऊन पुन्हा बसली होती, सगळ्यांपेक्षा वर्षाने मोठी, म्हणून ताई. शेवटच्या बाकावर बसायची, उत्तर कधी द्यायची नाही, प्रश्न तेवढे विचारायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. शाळेच्या नियमाने दोनदाच बसता येत होतं आणि ही दुसरी वेळ होती. या वेळी जीवशास्त्रात गेली की नर्सिंग कायमचं संपलं, आणि मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात आयुष्यभर खिळे मोजून द्यायचे, हे घरात ठरलेलं होतं. मामा तिच्यासाठी गल्ल्यामागे खुर्ची विकत घेऊनही बसला होता. डॉक्टरला हे सगळं माहीत होतं, आणि ताईचा प्रश्न आला की ती इतर कामं बाजूला ठेवायची. डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हती. तिला खरंच वाटायचं की ही पोरगी तरली तर माझ्यामुळे तरणार आहे.

एका रविवारी दुपारी डॉक्टर वडिलांच्या दुकानात बसली होती. ताईचा प्रश्न आला: "डावी किडनी उजवीपेक्षा जरा वर असते. का असते, हे परीक्षेत आलं तर काय लिहायचं?"

डॉक्टरने प्रश्न दोनदा वाचला. किडनीचा धडा तिने सोपा म्हणून सोडला होता. एक किडनी वर आणि एक खाली असते हीच बातमी तिला नवी होती. पुस्तक घरी. खाली ग्रुपमध्ये मुद्द्याने लिहिलं, "डॉक्टर येतायत, थांबा." रंगारिणीने लिहिलं, "मी पेन्सिल घेऊन बसलेय."

"काय डॉक्टरसाहेब, अडलं वाटतं?" वडिलांनी खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं. ते औषध घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही खोकला थांबवून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"छे, अडतंय कसलं," डॉक्टर म्हणाली, आणि तिने लिहिलं: "हृदय डावीकडे झुकलेलं असतं. ते सतत धडधडतं. मोठ्या रक्तवाहिनीतून त्या धडधडीचा ओढा डाव्या किडनीला जास्त बसतो, म्हणून ती हळूहळू किंचित वर सरकते. याला हृदयकर्षण म्हणतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण खरा घात केला तो शेवटच्या वाक्याने. नुसती हृदयाची नि किडनीची गोष्ट असती तर एखाद्याने डोकं तरी खाजवलं असतं. पण नाव आलं आणि विषय मिटला. त्या वर्गात ज्याला नाव आहे ते खरं असतं, आणि ज्याचं नाव लांब आहे ते तर परीक्षेत येतंच.

अंगठ्यांचा पाऊस पडला. ताईनेही एक अंगठा पाठवला.

संध्याकाळपर्यंत मुद्द्याने हृदयकर्षणाचे पाच मुद्दे पाडले. महत्त्व या मुद्द्याखाली त्याने लिहिलं की हृदयकर्षणामुळे शरीराचा तोल सांभाळला जातो. हे त्याला कुठून सुचलं ते त्याचं त्याला माहीत. रंगारिणीने आकृती काढली: लाल हृदय, जांभळ्या किडन्या, आणि मधून वर जाणारा असा एक झोकदार बाण, की बघणाऱ्याला आपलीच किडनी वर सरकल्यासारखी वाटावी. एकाने विचारलं, "याला अपवाद आहे का? अपवादाला अर्धा गुण असतो." लगेच वर्गातला एकुलता एक डावखुरा मुलगा म्हणाला, "असणारच. डावखुऱ्यांत हा परिणाम दुप्पट असावा. मला धावताना जाणवतं ते." तेही उत्तरात गेलं. कुणी कुणाला फसवत नव्हतं बरं का. प्रत्येक जण आपापल्या परीने मदतच करत होता.

झेरॉक्सने ते शेजारच्या तुकडीत पोचवलं. तिथून ते कुठे कुठे फिरलं कोण जाणे, पण आठवड्याभराने कुणीतरी 'अत्यंत महत्त्वाचे, सोडू नका' असा लाल मथळा देऊन तेच उत्तर परत बायो-मदतमध्ये टाकलं. डॉक्टरने ते नीट वाचलं. 'अरे वा, किती छान समजावलंय,' असं तिच्या मनात आलं. पाठवायला निघालेला अंगठा तिने मध्येच आवरला, कारण तेवढ्यात तिला आठवलं की हे पिल्लू आपलंच.

तरीही ती गप्प बसली असती. खोटं बोलून चार दिवस झाले की ते अंगावरच्या जुन्या सदऱ्यासारखं होतं, टोचत नाही. पण परीक्षा तोंडावर आली, आणि जीवशास्त्राच्या सरांनी वर्गात महत्त्वाच्या प्रश्नांची यादी वाचून दाखवली.

या सरांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सर फार वर्षं शिकवत होते आणि फार दिवस झाले होते त्यांना पुस्तक उघडून. तिथे बारावीचा पेपर शाळाच काढायची आणि शाळाच तपासायची, म्हणजे सरच; प्रश्न ते जुन्या पेपरांतून उचलायचे, शिकवताना खिडकीबाहेर बघायचे आणि शंका विचारणाऱ्याला "ते पुढच्या तासाला" म्हणायचे. किडनीचा अख्खा धडा त्यांनी एका तासात उरकला होता, त्यातही हजेरी घेतली होती. त्यांनी यादी वाचली आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "आणि हो, डावे मूत्रपिंड किंचित वर का असते, सकारण स्पष्ट करा. पाच गुण. हा येणारच, समजा."

सगळा वर्ग एकमेकांकडे बघून हसला. रंगारिणीने मागे वळून डॉक्टरला डोळा मारला. डॉक्टरने मात्र मान खाली घातली.

शाळा सुटताच ती घरी गेली, दप्तर टाकलं आणि किडनीचा धडा उघडला. आकृतीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: उजव्या बाजूला यकृताने जागा व्यापलेली असल्यामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. बस, एवढंच. लिव्हर. पोटात एक मोठं लिव्हर बसलेलं, त्याने जागा अडवलीय, म्हणून उजवी किडनी बिचारी खाली सरकलीय. घरात पाहुणा आला की आपण नाही का भिंतीशी सरकून झोपत, तसं. यात कुणी कुणाला ओढत नव्हतं की काही नाही.

तिच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ताई आली. काठावरची पोरगी. तिच्यासाठी पाच गुण म्हणजे इकडची किंवा तिकडची दुनिया. ती बिचारी पाच मुद्दे आणि बाण काढून येणार, सर लाल रेघ मारणार, आणि मामाच्या दुकानातली ती खुर्ची भरणार. कुणामुळे? डॉक्टरने ताट बाजूला सारलं. आईने दोनदा विचारलं, "अगं, तब्येत बरी आहे ना?" तिने मान हलवली आणि ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मनाचा हिय्या केला आणि ग्रुपमध्ये लिहिलं: "हृदयकर्षण असं काही नसतं. मला उत्तर माहीत नव्हतं, मी ते बनवून सांगितलं. खरं उत्तर लिव्हर आहे." सोबत पुस्तकातल्या त्या ओळीचा फोटो टाकला.

या वेळी एकही अंगठा आला नाही. मग मुद्द्याने लिहिलं, "परीक्षेच्या तोंडावर?"

"माझी चूक झाली रे. पण अजून वेळ आहे."

"बनवून सांगितलं म्हणजे? पाच मुद्दे आहेत त्याचे!"

"ते तू पाडलेस."

"चुकीच्या गोष्टीचे पाच मुद्दे पडत नाहीत," मुद्दे ठामपणे म्हणाला. "मी दोनच्या पुढे जाऊच शकलो नसतो."

रंगारीण रडकुंडीला आली होती. "मी तो बाण पाठ केलाय गं. डोळे मिटून काढते आता. लिव्हरचा रंग तरी कसला, चिखलासारखा."

"फोटो जुन्या पुस्तकाचा आहे," कुणीतरी म्हणालं. "छपाईची चूक असेल," दुसरा म्हणाला. डावखुऱ्याने तर स्पष्टच सांगितलं की पुस्तक काय वाटेल ते म्हणो, त्याचा स्वतःचा अनुभव वेगळा आहे.

आणि मग झेरॉक्स बोलला. तो आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बोलत होता, म्हणून सगळ्यांनी लक्ष देऊन वाचलं. "मला कळलंय काय चाललंय ते. आपण सगळ्यांनी लिव्हर लिहायचं आणि ही एकटी हृदयकर्षण लिहून पाच गुण घेऊन जाणार. वर्षभर गोड बोलून ऐन वेळी खड्ड्यात ढकलायचं."

झालं! इतका वेळ सगळे गोंधळलेले होते, आता त्यांना कारण सापडलं. माणसाला कारण मिळालं की तो फार शूर होतो. कुणी तिला आपमतलबी म्हटलं, कुणी म्हटलं, वाटलंच होतं. ती लिहीत राहिली, शपथा घेत राहिली, आणि जितकं लिहीत होती तितकी जास्त खोटी ठरत होती. वर्षभर खोटं सांगितलं तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता. आज खरं सांगत होती, आणि फोटो देऊनही कुणी ऐकेना.

शेवटी मुद्द्याने लिहिलं, "हे बघ, तूच वर लिहिलंयस, 'मला माहीत नव्हतं'. नियम तुझाच आहे."

आणि त्यांनी डॉक्टरला ग्रुपमधून काढून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ग्रुप गेला तर गेला. निदान ताईला तरी वाचवू, म्हणून ती दुपारी हार्डवेअरच्या दुकानात गेली. मामा बाहेर गेला होता. ताई तराजूत स्क्रू तोलत होती, समोर एक सुतार ताटकळत उभा. डॉक्टर काउंटरला हात टेकवून एका दमात बोलली. मी खोटं सांगितलं, हृदयकर्षण-बिर्षण काही नसतं, लिव्हर लिही, कृपा कर, कुणाचं ऐकू नकोस.

ताईने स्क्रू पुडीत बांधले, सुताराला दिले, आणि मग शांतपणे म्हणाली, "ग्रुपमध्ये सांगितलंस हे? सकाळपासून मी फोन बघितला नाही."

"सांगितलं ना. काढून टाकलं मला त्यांनी."

"म्हणजे ते सगळे आता काय लिहिणार?"

"हृदयकर्षणच. गाढव आहेत सगळे."

"सगळे? शेजारची तुकडीसुद्धा?"

"हो गं, सगळेच्या सगळे! म्हणून तर तुला सांगायला आले. तू तरी शहाणी हो."

"बरं," ताई म्हणाली. तिने ओल्या फडक्याने तराजू पुसला. "बरं झालं आलीस. पाणी पितेस?"

डॉक्टर पाणी प्यायली आणि हलक्या पायांनी घरी गेली. राज्य गेलं होतं, पण एक जीव वाचवला होता. तिला रस्त्यात भरून आलं, इतकं स्वतःचं कौतुक वाटलं.

परीक्षेत तो प्रश्न आला. तिसराच होता, पाच गुणांना, टाळता न येणारा. तो वाचला गेला तसा सगळ्या वर्गातून कंपासपेट्या उघडल्याचा खडखडाट झाला आणि लाल पेन्सिली बाहेर आल्या. पर्यवेक्षक बाई दचकून उभ्या राहिल्या. डॉक्टरने मान वर केली नाही. लिव्हरबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुढे गेली. आपलंच खोटं आपणच पेपरात उतरवायची तिला लाज वाटली. तशी लाज वर्षात आधी कधी वाटली असती तर बरं झालं असतं, पण उशिरा का होईना वाटली.

निकाल लागला. हृदयकर्षण लिहिणाऱ्या सगळ्यांना पाचपैकी पाच. बाण नीट काढणाऱ्यांच्या पेपरावर सरांनी 'उत्तम' असंही लिहिलं होतं. डॉक्टरला शून्य. आणि त्या शून्याने तिचं कंबरडं मोडलं, कारण मेडिकलच्या प्रवेशासाठी शाळेची शिफारस लागायची, शिफारशीला जीवशास्त्रात ठरावीक गुण लागायचे, आणि ती त्याच्या खाली उतरली होती. तेवढे पाच असते तर निभावलं असतं. आता वर्षभर थांबून पुन्हा बसायचं.

ती पुस्तक काखेत मारून तडक शिक्षकांच्या खोलीत गेली. सर चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, ही ओळ बघा. माझं उत्तर बरोबर आहे."

सरांनी ओळ वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "हं. असेल." ते म्हणाले. "पण मग बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं चूक आहे."

"दोन्ही तुकड्या चुकल्या आणि तू एकटी बरोबर?" सर हसले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं तिला. "हे बघ बाळ, मी इतकी वर्षं पेपर तपासतोय. माझी एक पद्धत आहे. पहिले काही पेपर मी नुसते वाचतो, गुण देत नाही. त्यांत जे उत्तर सगळ्यांचं सारखं येतं, ते नमुना उत्तर. मग त्याप्रमाणे पुढचे तपासतो. आजवर एका पालकाची तक्रार नाही. तक्रार करतो तो नेहमी एकटा असतो, आणि एकट्याचं कोण ऐकतं?"

"पण सर, हृदयकर्षण असं काही नसतंच! ते मी बनवलंय. माझ्या डोक्यातून काढलंय."

सरांनी बिस्कीट तोंडात टाकलं आणि तिच्याकडे दयेने पाहिलं. "तू काढलंस? एवढी अक्कल असती तर पेपरात लिहिलं नसतंस का?"

कपाळ! ती बाहेर आली. व्हरांड्यात मुद्दे, रंगारीण आणि झेरॉक्स उभे होते. झेरॉक्स म्हणाला, "पाहिलंस? शेवटी खऱ्याचाच विजय होतो." तो अगदी मनापासून बोलत होता.

 वडिलांनी तिला "डॉक्टरसाहेब" म्हणायचं थांबवलं, आणि सकाळच्या वेळी दुकानात बसायला सांगितलं. बसली. खोकल्याची औषधं, पोटाच्या गोळ्या, लहान मुलांचे थेंब. कुणी काही विचारलं तरी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. स्वतःच्या मनाने काही सांगायचं नाही, ही वडिलांची पहिली ताकीद होती.

आणि एके दिवशी ताई दुकानात आली. पांढरे बूट, केस नीट बांधलेले. काठावर का होईना, जीवशास्त्रात पास झाली होती आणि नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. थर्मामीटर आणि हातमोजे हवे होते.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या आत एक कुसळ होतं. "काय लिहिलंस गं त्या प्रश्नाला?"

"हृदयकर्षण."

"मी येऊन सांगितलं तरी?"

"तू सांगितलंस म्हणूनच. तू म्हणालीस ना, सगळे तेच लिहिणार म्हणून. मला तेवढंच हवं होतं."

 ताई थर्मामीटर उजेडात धरून तपासत होती.

"लिव्हरचं मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "मी तो धडा दोनदा वाचलाय. गेल्या वर्षी रक्तपेशींवर प्रश्न होता. तेव्हा मी पुस्तकातलं बरोबर उत्तर लिहिलं आणि बाकी सगळ्या वर्गाने गाइडमधलं चुकीचं. मी एकटी नापास झाले. सरांकडे गेले होते, त्यांनी तेव्हाच मला त्यांची पद्धत सांगितली. मग यंदा ठरवलं, बरोबर उत्तर वाचायचं पुस्तकात आणि लिहायचं काय ते विचारायचं ग्रुपमध्ये."

"आणि उद्या पेशंटच्या बाबतीत काय करशील? तिथेही सगळ्यांना विचारणार?"

"छे! पेशंटचं लिव्हर काय, कुणी काहीही लिहिलं तरी उजवीकडेच असणार. तिथे मी पुस्तकातलंच करीन," ताई हसून म्हणाली.

डॉक्टरने काउंटरवर हात आपटला. वर्ष गेलं होतं तिचं, मेडिकल गेलं होतं, आणि हिला सगळं आधीपासून ठाऊक होतं. "मग मला का नाही सांगितलंस?" ती जवळजवळ ओरडलीच. दुकानात शिरणारं एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. "मी त्या दिवशी तुझ्यासमोर उभी होते! एक शब्द बोलली असतीस तर मीसुद्धा तेच लिहिलं असतं!"

ताईचं हसू गेलं. तिने हातमोज्यांचं पाकीट पिशवीत ठेवलं. ती रागावली नव्हती, पण आवाज खाली आला होता.

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. "तू दुकानात आलीस, सगळं सांगितलंस, पाणी प्यायलीस आणि गेलीस. वर्षभर तू सगळ्यांना सांगतच होतीस. मी नापास कशी झाले, तेवढं एकदा जरी विचारलं असतंस ना, मी त्याच दिवशी सगळं सांगितलं असतं."

डॉक्टरने तोंड उघडलं. यावर तिला काहीच सुचलं नाही, आणि या वेळी तिने काही बनवून सांगितलं नाही.